बॉयलरघराची शिफारस

१

दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी टाइपरायटरची फीत बदलते आणि उन्हाळ्याची यादी करायला बसते. सव्वीस वर्षं करतेय. आमच्या काचकारखान्यात जुलैत तीन आठवडे सगळ्यांना एकदम सुट्टी असते, कारण तेव्हा मोठी भट्टी विझवून तिची दुरुस्ती करतात. त्या सुट्टीत कुणी काय वाचावं, याची ही यादी. आणि ती मी ठरवत नाही, कामगार ठरवतात. प्रत्येक खात्यातून एक माणूस, त्याने सुचवलेलं एक पुस्तक आणि त्याबद्दल एक ओळ. काच फुंकणारे, घासणारे, रंगवणारे, पॅकिंगवाल्या बायका, फाटकावरचे पहारेकरी, सगळी मिळून अकरा खाती. यादी फाटकाशी लागते, कँटीनमध्ये लागते, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या वाचनालयापुढे रांग लागते. बाहेरच्यांना खोटं वाटेल, पण भट्टीपुढे आठ तास घाम गाळणारा माणूस सुट्टीत तळ्याकाठी पालथा पडून चारशे पानांची कादंबरी संपवतो आणि कामावर आला की माझ्याशी तिच्यावरून भांडतो. मला ते भांडण आवडतं.

यादीच्या तळाशी एक ओळ मात्र माझी असते. 'पुस्तकाचा शेवट कुणीही कुणालाही सांगू नये.' एका वर्षी घासकामातल्या एका शहाण्याने कँटीनमध्ये सूप पिता पिता खुनी कोण ते सांगून टाकलं, आणि अठरा जणांनी ते पुस्तक न वाचता परत केलं. तेव्हापासून हा नियम. त्या बाबतीत मी फार कडक आहे. जो मोडेल त्याला वर्षभर नवीन पुस्तक नाही, आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे.

यंदा दहा खात्यांच्या चिठ्ठ्या आल्या. अकरावं खातं म्हणजे बॉयलरघर, आणि बॉयलरघर म्हणजे एकटा वोन्द्रा. मी खाली त्याच्याकडे गेले.

"द्राहाबाई, मी फक्त वाफेच्या दाबाचा काटा वाचतो," तो म्हणाला. "दिवसभर तेच वाचन. त्याचा शेवट आला ना, तर तुम्हाला यादीच करायला नको."

"अरे, शाळेत वाचलेलं एखादं सांग."

"शाळेतही मी काटाच बघायचो. घड्याळाचा."

अपुऱ्या यादीवर कामगार समिती शिक्का मारत नाही, आणि शिक्क्याशिवाय यादी लागत नाही. दुपारचे तीन वाजले होते, समितीचा माणूस चारला निघायचा. मी वर आले आणि टाइप केलं: 'बॉयलरघर, वोन्द्रा. पुस्तक: भट्टीमागची खोली.' लेखक म्हणून आमच्या पोस्टमनचं आडनाव टाकलं. पुढे ओळ लिहिली, 'एका बाईची साधी गोष्ट. सावकाश वाचावी.' क्रमांकही दिला, चौदाशे सात आणि चौदाशे आठच्या मधला, 'सात अ'. असं पुस्तक नव्हतं. कुणी मागायला आलंच तर म्हणायचं, बाहेर गेलंय, दुसऱ्या कुणीतरी नेलंय. ग्रंथपालाला हे एक खोटं फार सहज बोलता येतं.

२

सुट्टीच्या आदल्या शुक्रवारी हेदविका आली. ती रंगकामात आहे आणि आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहते. जिभेला हाड नाही, पण मनाने चांगली. तिने तीन पुस्तकं काउंटरवर ठेवली.

"यादीतलं काही नको का गं?" मी विचारलं.

"आहे ना माझ्याकडे. बॉयलरघरातलं. भट्टीमागची खोली."

मला हसूच आलं. वोन्द्राने यादी वाचली असणार, आपण असलं काही सांगितलंच नाही हे त्याने चारचौघांत बोलून दाखवलं असणार, आणि आता मंडळी माझी फिरकी घेतायत. मीही काही कमी नाही.

"असं होय! मग कसं आहे?"

हेदविका हसली नाही. "निम्मं झालंय," ती म्हणाली. मग तिने काउंटरवरून हात पुढे केला आणि माझ्या कपाळावर आलेली बट कानामागे सारली. वीस वर्षांच्या शेजारात तिने मला कधी बोट लावलेलं नव्हतं. "जेवलात का तुम्ही?" तिने विचारलं आणि निघून गेली.

पाच वाजेपर्यंत आणखी पाच जण आले. पॅकिंगमधल्या दोघी, फाटकावरचा म्हातारा पहारेकरी, फुंकणाऱ्यांतले दोघं. कुणीही ते पुस्तक मागितलं नाही. कुणाचं वाचून झालं होतं, कुणी हेदविकाचं संपायची वाट बघत होतं. मी कुणालाच काही बोलले नाही, म्हटलं, होऊ दे त्यांची मजा. पण मजा करणारी माणसं अशी वागत नाहीत. पहारेकऱ्याने न सांगता माझी कोळशाची बादली वर आणून ठेवली, तीही जुलैच्या तोंडावर. पॅकिंगमधली एक जण दारात उभं राहून उगाचच म्हणाली, "काळजी घ्या हं, बाई."

सगळे गेल्यावर मी कपाटाशी गेले. माझी पुस्तकं इतकी घट्ट लावलेली असतात की मध्ये पोस्टकार्ड जाणार नाही. चौदाशे सात आणि चौदाशे आठच्या मध्ये दोन बोटांची फट होती. दोन्ही पुस्तकं ताठ उभी होती, एकही कललं नव्हतं. कुणीतरी घाईत काहीतरी काढलं असेल, झालं. मी दोन्ही पुस्तकं एकमेकांना भिडवली, कुलूप लावलं आणि घरी आले.

३

भट्टी विझली की आमच्या गावात विचित्र शांतता पसरते. वर्षभर जमिनीखालून एक घरघर चालू असते आणि आपल्याला ती ऐकूच येत नाही. ती थांबली की मग शेजारच्यांचा नळ ऐकू येतो, स्वतःचं घड्याळ ऐकू येतं. लोक दोन दिवसांत धरणावर, डोंगरावर, नातेवाइकांकडे पांगतात.

माझा नवरा लोइझा मात्र तेव्हाच कामाला लागतो. तो भट्टीचा गवंडी आहे. पाच माणसं घेऊन तो थंड भट्टीच्या पोटात उतरतो, जुन्या विटा काढतो, नव्या लावतो.

"यंदा कमान वाईट आहे," पावाला चरबी फासता फासता तो म्हणाला. "विटा पार खाल्ल्या गेल्यात. कुठे कुठे बोटभर उरल्यात."

"मग टेकू लावा ना नीट."

"लावतो हं. तू शिकव मला आता."

आणि शीळ घालत गेला. प्रत्येक उन्हाळ्यात तो जिना उतरला की तो परत चढेपर्यंत मी जिन्याकडे कान लावून बसते. तेहतीस वर्षं बसतेय. त्याला मी कधी सांगितलं नाही, सांगून काय करणार होते?

मंगळवारी बाजारातून येताना जिन्यात हेदविका भेटली. तिने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि थेट स्वयंपाकघरात येऊन बसली. आमच्या मेजावर हिरवं मेणकापड आहे, त्यावर इस्त्रीचा डाग आहे. ती त्या डागावरून बोट फिरवत राहिली.

"हे पण आहे त्यात," ती म्हणाली.

"कशात?"

"पुस्तकात. तिच्याकडे असंच मेणकापड आहे, असाच डाग. तिचा नवरा गवंडी. उन्हाळ्यात तो भट्टीत उतरतो आणि ती दिवसभर जिन्याकडे कान लावून बसते. आणि कुणापाशी बोलत नाही."

"हेदविका, पुरे झाली चेष्टा. वोन्द्राने सांगितलं ना तुम्हाला?"

"वोन्द्रा? त्याचा काय संबंध?"

मी मनाशी हिशेब मांडला. माझं स्वयंपाकघर हिने शंभरदा पाहिलंय. लोइझा काय काम करतो ते सगळ्या गावाला माहीत. मी घाबरते हे कुठलीही बाई ओळखेल. यात नवल काहीच नाही.

"आणि ते टोपडं," हेदविका म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "बटणांच्या डब्यात, तळाशी. कसं हो ठेवलं तिने इतकी वर्षं."

आम्हाला एक मुलगी झाली होती. चार दिवस जगली. डॉक्टर म्हणाले, घरात तिची कुठलीही वस्तू ठेवू नका, म्हणून लोइझाने सगळं जाळलं. टोपडं मी ब्लाउजमध्ये लपवलं होतं. बटणांच्या डब्याच्या तळाशी पुठ्ठा आहे, त्याच्याखाली ते आहे. लोइझाला माहीत नाही. मी स्वतः ते गेल्या दहा वर्षांत बाहेर काढलेलं नाही.

"पुढे काय होतं?" मी विचारलं.

"शेवट सांगायचा नाही, बाई. तुमचाच नियम."

"शेवट नको सांगूस. तिच्या नवऱ्याचं काय होतं, तेवढंच सांग."

हेदविका उठली. "ते सांगितलं की सगळंच सांगितल्यासारखं होईल."

"मग पुस्तक दे मला. आत्ता दे."

"शनिवारीच मारेशना दिलं. ते धरणावर घेऊन गेले." जाता जाता तिने माझी बटाट्यांची पिशवी ओट्यावर ठेवली, आणि दार इतकं हळू ओढून घेतलं की मला आवाजही आला नाही.

४

बुधवारी सकाळी मी वाचनालय उघडलं. पहारेकऱ्याने काही विचारलं नाही, नुसती टोपी काढली.

रिकाम्या कारखान्यातली ती खोली मला चांगली ओळखीची आहे. उन्हात तापलेल्या पुठ्ठ्याचा वास, खिडकीवरची माशी, खुर्चीची करकर. मी कार्डांचा खण ओढला. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड असतं आणि नेणारा त्यावर स्वतः सही करतो. सात-अचं कार्ड मी केलेलं नव्हतं. ते नाही याची एकदा खात्री करायची आणि घरी जायचं, एवढंच ठरवून आले होते.

कार्ड होतं.

त्यावर चौदा सह्या होत्या, आणि प्रत्येक सहीपुढे माझ्या शिक्क्याची तारीख. तो शिक्का माझ्याच खणात असतो, किल्ली माझ्याच गळ्यात. चेष्टा करणारा एखादी सही गिरवील, दोन गिरवील. पण या सह्या मी सव्वीस वर्षं बघतेय. कोण पेन दाबतं, कोणाचं बोट कापलेलं असल्यामुळे अक्षर तिरकं जातं, हे सगळं मला ठाऊक आहे. चौदाही सह्या खऱ्या होत्या. शेवटची मारेशची.

मी कार्ड हातात धरून उभी होते तेव्हा कपाटांच्या मागून पान उलटल्याचा आवाज आला.

वारा असेल, असं म्हटलं. खिडकी बंद होती. मग उंदीर असेल, असं म्हटलं. आणि थांबले. एक पान वाचायला किती वेळ लागतो हे माझ्याइतकं कुणाला कळणार? बरोबर तेवढ्या वेळाने पुन्हा आवाज आला. शांतपणे, कुणीतरी सावकाश वाचत बसल्यासारखा. मग पुन्हा तेवढा वेळ. मग पुन्हा.

कपाटांच्या मागे जायला सात पावलं लागतात. मी गेले नाही. मी फोन उचलला आणि भट्टीवर मुकादमाला मागितलं.

"लोइझाला दोन दिवस चक्कर येतेय," मी म्हटलं. "तो सांगणार नाही तुम्हाला. आज सकाळी न्हाणीत पडला."

"अहो, मग पाठवलंत कशाला?" मुकादम ओरडला. "वर बोटभर विटांची कमान आणि खाली हा चक्कर येणारा. आठवडाभर घरी बसवतो त्याला."

मी फोन ठेवला. पानांचा आवाज थांबला होता. मला वाटलं, वाचणाऱ्याने मान वर केली असेल.

५

लोइझा माझ्या आधी घरी पोचला होता. बूट न काढता स्वयंपाकघरात उभा होता, सगळ्या फरशीवर विटांची भुकटी.

"नाक कापलंस तू माझं! पाच माणसांपुढे तो पोरगेला मुकादम मला म्हणतो, घरी जा आजोबा, पडाल. मी कधी गं पडलो न्हाणीत?"

"मला भीती वाटली."

"तेहतीस वर्षं नाही वाटली ती?"

"तेहतीस वर्षं वाटली," मी म्हटलं. "रोज वाटली. तू जिना उतरलास की वाटायची आणि चढलास की जायची. यंदा जात नाहीये, लोइझा. एवढा एक आठवडा घरी बस. माझ्यासाठी बस. पुढच्या उन्हाळ्यात जा वाटलं तर भट्टीत झोपायला."

मग त्याने बूट काढले, रेडिओ लावला आणि माझ्याकडे पाठ करून बसला. दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. त्याची पाठ बघत मी बटाटे सोलले आणि किती दिवसांनी तरी मला भूक लागली.

पण पुस्तकात काय आहे ते मला कळायला हवं होतं. त्याला एक आठवडा घरी ठेवून भागेल, की दोन? कमान की आणखी काही? गुरुवारी पहिल्या बसने मी धरणावर गेले.

६

मारेश हा फुंकणाऱ्यांतला सगळ्यात जुना. दरवर्षी माझ्याशी सगळ्यात मोठ्याने भांडणारा. 'ही काय नायिका आहे? हिच्या दोन मुस्काटात द्यायला हव्यात,' असं वाचनालयात ओरडणारा. त्याची लाकडी बंगली पाण्याला लागून आहे. मला बघताच त्याने कुऱ्हाड खाली ठेवली, हात पुसले, खुर्ची आणली, खुर्चीवर उशी आणून ठेवली आणि दुधात घातलेल्या स्ट्रॉबेरीची वाटी माझ्या हातात दिली.

"काय झालंय तुम्हा सगळ्यांना?" मी म्हटलं. "पुस्तक कुठेय?"

"परत पाठवलं. काल हेदविकाचा नवरा गळ टाकायला आला होता, त्याच्याबरोबर."

"मग तुम्ही सांगा. शेवट सांगा मला, मारेश."

"नियम..."

"नियम माझा आहे, मी मोडते. माझा नवरा आहे तो. त्याचं काय होतं ते मला कळायलाच हवं."

मारेश पाण्याकडे बघत बसला. त्या पाण्यात मुलं ओरडत होती, कुणीतरी रबरी गादी फुगवत होतं. एवढ्या उजेडात, एवढ्या माणसांत मला थंडी वाजत होती.

"एवढंच सांगतो," तो म्हणाला. "ती त्याला घरी ठेवते. भट्टीत जाऊ देत नाही. मुकादमाला फोन करते आणि खोटं सांगते, तो न्हाणीत पडला म्हणून. तिथे मी पुस्तक खाली ठेवलं आणि पाण्याशी जाऊन बसलो. बासष्ट वर्षांचा माणूस मी, द्राहाबाई. रडलो."

मी फोन केला तो काल सकाळी. मारेश शनिवारपासून धरणावर होता, आणि तिथे फोन नाही.

"पण घरी ठेवलं तर वाचतो ना तो?" मी विचारलं. "मग रडलात कशाला?"

माझ्या हातातली वाटी तशीच भरलेली होती, ती त्याने हळूच काढून घेतली. "चला," म्हणाला, "बसपर्यंत येतो मी. एकट्या नका जाऊ." आणि सपाट, डांबरी रस्त्यावर त्याने सबंध वेळ माझं कोपर धरून ठेवलं होतं. बस वळेपर्यंत तो टोपी हातात घेऊन उभा होता.

७

बस फाटकापाशी थांबते. तिथल्या टपरीवर मुकादम सॉसेज खात उभा होता.

"बाई!" तो लांबूनच ओरडला. "म्हाताऱ्याला सांगा, कमान सकाळीच उतरवली. कुणाला साधा ओरखडा नाही. उगाच बिचारा घरी बसला!"

म्हणजे भट्टीत काही नव्हतंच. मीच त्याला तिथून उचलून घरी आणून ठेवलं होतं. घरात काय आहे? गॅस आहे. जिना आहे. बाल्कनीचा गंजलेला कठडा आहे, आणि रिकामटेकडा बसलेला लोइझा तो रंगवायला घेईल असा माणूस आहे. मी धावले. छप्पन्न वर्षांची बाई भर रस्त्यात पिशवी टाकून धावली, लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दे. हेदविका तिच्या दारात उभी होती.

"सावकाश हो, बाई!" ती म्हणाली. "लोइझा कंटाळला होता, म्हटलं काहीतरी वाचायला द्यावं. म्हणून सकाळी नेऊन दिलं."

मी उरलेल्या पायऱ्या कशा चढले, आठवत नाही.

लोइझा खिडकीपाशी बसला होता. धडधाकट. मोज्यांत, चष्मा नाकावर, बाजूला चहा. मांडीवर करड्या कापडी बांधणीचं पुस्तक. आमच्या वाचनालयाची असते तशीच बांधणी, कोपरे झिजलेले, चौदा माणसांच्या हातांतून गेलेलं. उजव्या बाजूला फारसं काही उरलेलं नव्हतं.

"लोइझा, ठेव ते."

त्याने मान वर केली नाही. फक्त एक हात वर केला, थांब अशी खूण करून. "दोनच पानं," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. वाकून बघितलं असतं तर मला सगळं दिसलं असतं. तीन दिवस मी जे शोधत फिरले ते माझ्या नाकासमोर उघडं होतं, आणि मी डोळे मिटून घेतले. पान उलटल्याचा आवाज आला. आमच्या घड्याळाची टिकटिक चालू होती. खाली रस्त्यावर एक सायकल गेली. मग पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

मी डोळे उघडले. पुढे येऊन त्याच्या पायाशी फरशीवर बसले. लोइझाने चष्मा काढला होता.

"सांग मला," मी म्हटलं. "जे असेल ते सांग, मी ऐकून घेईन. शेवटी काय होतं तुला?"

"मला?" तो म्हणाला.

"तुला. काय होतं?"

त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. विटांनी खरबरीत झालेले हात, पण इतके हळू.

"मला काही होत नाही, द्राहा," तो म्हणाला.

इतकं हलकं वाटलं मला, काय सांगू! मी हसले, रडले, त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. म्हटलं, बघ, उगाच मी वेड्यासारखी धरणापर्यंत जाऊन आले. म्हटलं, तू भुकेला असशील, बटाटे टाकते पटकन. आणि उठायला गेले.

त्याने माझा हात सोडला नाही.

"राहू दे बटाटे," लोइझा म्हणाला. तो माझ्याकडे बघत होता, तेहतीस वर्षांत बघितलं नव्हतं तसं. "जरा बस माझ्याजवळ."